संकटात लहान धंद्याने आधी काय सांभाळायचं?

धागाकर्ती:
पूर, साथ, मंदी, काहीही येवो, लहान धंद्यात पहिली कात्री सुरक्षिततेवरच लागते. हातमोजे पुढच्या महिन्यात, मशीनची देखभाल नंतर, आणि जे कामावर येतात त्यांनी डबल पाळी करायची. माझं मत स्पष्ट आहे: जिवाला धोका दिसला तर काम थांबवायचा हक्क कामगाराला हवा आणि त्यापायी त्याचा पगार कापला जाऊ नये. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९८१ च्या १५५ क्रमांकाच्या करारात असं थांबणाऱ्याला संरक्षण दिलेलं आहे.

वर्कशॉपमालक:
साफ असहमत. संकटात येणी अडकतात, बँकेचा हप्ता मात्र थांबत नाही. एकाने काम थांबवलं की ऑर्डर जाते, मग सगळेच घरी बसतात. मोठ्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर असतो, इथे मालक, हिशेबनीस, फिटर सगळं मीच. आणि माझी माणसं घरच्यासारखी आहेत, काही असेल तर तोंडावर सांगतात.

सुपरवायझर:
नाही सांगत हो! अडीनडीला उचल देणाऱ्या मालकाला 'शिडी हलतेय, मी चढणार नाही' म्हणायला जीभ रेटत नाही, त्यातून मंदीत दुसरी नोकरी दिसत नसताना तर नाहीच. म्हणून मालकानेच पाळी सुरू होताना विचारावं, आज कुठे धोका वाटतो? जो बोलेल त्याच्यासोबत लगेच जाऊन बघावं. दोनदा दुर्लक्ष झालं की तिसऱ्यांदा कोणी बोलत नाही.

आणखी एक प्रतिसाद:
ओव्हरटाइम कामगारांनाच हवा असतो. तो बंद करून त्यांचं भलं होणार आहे का?

धागाकर्ती:
हवा असतो, कारण मूळ पगारात भागत नाही. पण जागतिक आरोग्य संघटना आणि श्रम संघटनेचा २०२१ चा अभ्यास सांगतो की आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के आणि हृदयविकाराने मृत्यूचा १७ टक्के जास्त असतो.

वर्कशॉपमालक:
रोज विचारणं जमेल. थांबलेल्या तासांचा पगार कुठून आणू?

धागाकर्ती:
प्रश्न रास्त आहे. माल घेणाऱ्याशी करार करतानाच, संकटात उशिराचा दंड लागणार नाही अशी अट घाला. बिघडलेलं मशीन बंद ठेवून त्या माणसाला दुसरं काम द्या, म्हणजे तासही फुकट जात नाहीत. पण संरक्षक झाकण (गार्ड) निघालेल्या मशीनच्या फिरत्या पट्ट्याजवळ माणूस उभा करणं मला कुठल्याही ऑर्डरसाठी मान्य नाही.