गिल्डची हजेरी

ऑनलाइन गेममध्ये 'वेळ जातो, एवढाच काय तो तोटा' असं म्हणतात, ते मला अर्धंच पटतं. वेळ तर क्रिकेट बघण्यातही जातो. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या अनेकांनी मिळून खेळायच्या ऑनलाइन गेममध्ये खरा जाच हजेरीचा. सुरुवातीच्या काळात 'मोल्टन कोअर' या गुहेतल्या मोहिमेला ४० जण लागायचे आणि बॉस, म्हणजे तिथला मोठा राक्षस, मेल्यावर मिळणाऱ्या वस्तू मोजक्याच. मग वाटपासाठी गिल्डवाले (गिल्ड म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांचा गट) गुणांची वही ठेवायचे, डीकेपी म्हणजे 'ड्रॅगन किल पॉइंट्स' (ही एव्हरक्वेस्ट या आधीच्या गेमची देणगी). हजर राहा, गुण साठवा, तेव्हा कुठे एखादी तलवार. त्यात आमचा गिल्ड युरोपातला. हिवाळ्यात त्यांचे रात्रीचे ८ म्हणजे आपले १२.३०. दुसऱ्या दिवशी ऑफिसात डुलक्या ठरलेल्या.

तरी मोल्टन कोअरचा शेवटचा बॉस रॅग्नारोस पडल्यावर हेडफोनमध्ये जो गलका व्हायचा, तो एकट्याने खेळायच्या कुठल्याच गेममध्ये मिळाला नाही. आई दचकून उठायची, ते वेगळं.