व्हिटॅमिनचं सलाईन की गोळ्या? आईसाठी विचारतो आहे

महालकर
नमस्कार मंडळी. एका क्लिनिकनं आईला 'व्हिटॅमिन ड्रिप'चं पॅकेज सुचवलं आहे, दर आठवड्याला एक अशी सहा. ५०० मिली सलाईनमध्ये व्हिटॅमिन सी, बी कॉम्प्लेक्स, बी१२ आणि ग्लूटाथायोन. त्यांचं म्हणणं, गोळी पोटात वाया जाते, शिरेतून शंभर टक्के लागते.
आईचं वय ५८, शाकाहारी. शुगरसाठी ७ वर्षं मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, शिवाय रोज सकाळी ॲसिडिटीची पँटोप्राझोल. बी१२ आलं १६८ पिकोग्रॅम, डी १४ नॅनोग्रॅम, हिमोग्लोबिन ११.२, सगळं कमीच. थकवा फार आहे. नवतपा (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू आहे, त्यामुळे जेवणही कमी झालं आहे. कॉलनीतल्या दोघी हेच ड्रिप घेऊन राहिल्या आणि बरं वाटतं म्हणतात. घ्यावं का?

औषधवाला_सदर
भाऊ, शंभर टक्के रक्तात जातं हे खरं. शरीर ते ठेवून घेतं का, हा प्रश्न वेगळा.
व्हिटॅमिन सी बघा. एका वेळी २०० मिग्रॅपर्यंत तोंडानं घेतलं तर जवळजवळ सगळं शोषलं जातं. १ ग्रॅमच्या वर गेलात की निम्म्याहून कमी. रोज २०० ते ४०० मिग्रॅ पोटात गेलं की रक्तातली पातळी भरते, पुढचं किडनी बाहेर टाकते. शिरेतून दिल्यावर पातळी कितीतरी पट चढते, पण काही तासांत तेही लघवीवाटे जातं. आणि दिवसाची गरज १०० मिग्रॅच्याही आत आहे. १०० ग्रॅम पेरूत साधारण २०० मिग्रॅ मिळतं, म्हणजे आपल्या संत्र्याहून बरंच जास्त.
बी१२ ची गोष्ट तर याहून स्पष्ट आहे. सायनोकोबालामिन म्हणजे औषधातलं बी१२, त्याच्या इंजेक्शनच्या अमेरिकेतल्या औषधपत्रकातच लिहिलं आहे की शिरेतून देणं टाळा, जवळपास सगळं लघवीत जाईल. ते स्नायूत देतात, तिथून हळूहळू रक्तात उतरतं. पॅकेजमधली जी एक गोष्ट तुमच्या आईला खरंच हवी आहे, तीच चुकीच्या वाटेनं दिली जाणार आहे.
ग्लूटाथायोनची इथे काहीच गरज नाही. ते गोरेपणासाठी खपवतात. फिलिपिन्सच्या औषध प्रशासनानं २०११ मध्येच त्याच्या इंजेक्शनबद्दल इशारा दिला होता, त्वचेच्या गंभीर रिअॅक्शन आणि किडनी-थायरॉइडवरचे परिणाम सांगून.

वॉर्डसिस्टर
मी पिशवीबद्दल लिहिते, कारण तिकडे कुणी बघत नाही.
५०० मिली नॉर्मल सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुमच्या आईला बीपी आहे, म्हणजे दिवसभराचं मीठ एका बैठकीत शिरेतून. साध्या ड्रिप सेटला २० थेंबांचा १ मिली होतो. दोन तासांत ५०० मिली द्यायचं तर मिनिटाला ८३ थेंब पडतात. अर्ध्या तासात उरकायचं म्हटलं की थेंब मोजता येत नाहीत, धारच लागते. हृदय किंवा किडनी कमजोर असेल तर तिथेच दम लागतो.
दुसरं, शुगर. व्हिटॅमिन सीच्या मोठ्या डोसनंतर काही तास बऱ्याच ग्लुकोमीटरवर शुगर खोटी वाढलेली दिसते, किडनी कमजोर असेल तर त्याहूनही जास्त वेळ. तो आकडा खरा धरून कुणी इन्सुलिन दिलं तर खरी शुगर धोकादायक खाली जाते. अशा वेळी शिरेतलं रक्त लॅबमध्येच तपासायचं. मोठ्या डोसआधी जी६पीडी या लाल पेशींना जपणाऱ्या एन्झाइमची तपासणीही लागते, ते कमी असेल तर लाल पेशी फुटतात. शिवाय जास्त सीमुळे लघवीत ऑक्सलेट वाढतं, ज्याचे खडे बनतात, म्हणून मुतखड्याचा त्रास असेल तर जपून.
बी कॉम्प्लेक्समधलं बी२ उजेडात खराब होतं, म्हणून अशी पिशवी झाकलेली असावी. ती खिडकीपाशी उघडी लटकत असेल तर समजून जा.
आणि 'बरं वाटतं' हे खोटं नाही हं. या उन्हात अंगातलं पाणी कमी झालेलं असतं, अर्धा लिटर आत गेलं की तरतरी येते. ताक, पाणी, गरज पडली तर ओआरएस यांनीही ती येते. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण १ लिटर पाण्यातच घाला, अर्ध्या ग्लासात कालवू नका. त्यात साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज आणि मीठ असतं, म्हणून आईला रोज सरबतासारखं देऊ नका.

फिजिशियन_अजनी
वरच्या दोघांशी सहमत. आता कमतरता का आली ते बघू. मेटफॉर्मिन आतड्यात बी१२ नीट शोषू देत नाही. पँटोप्राझोलमुळे आम्ल कमी होतं, मग दूध-दह्यातलं बी१२ प्रथिनातून सुटत नाही. गोळीतलं बी१२ आधीच मोकळं असतं, त्याला आम्ल लागत नाही. शिवाय १००० मायक्रोग्रॅमच्या गोळीतला साधारण एक टक्का कोणत्याही मदतीशिवाय आत जातो, म्हणजे १० मायक्रोग्रॅमच्या आसपास. रोजची गरज अडीचच्या आत. म्हणून नुसता थकवा असेल तर रोजची १००० ची गोळी पुरते. मेटफॉर्मिन मनानं बंद करू नका. पँटोप्राझोल खरंच रोज लागतं का, हे मात्र विचारा.
डीसाठी ६०,००० युनिट, आठवड्याला एक, ८ आठवडे, दुपारच्या भरपेट जेवणानंतर. ते तेला-तुपाबरोबर शोषलं जातं. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे आठवड्याची गोळी रोज घेतली जाते. मग कॅल्शियम चढतं, उलट्या, बद्धकोष्ठ, भ्रम, शेवटी किडनी. कॅलेंडरवर वार लिहून ठेवा.
हिमोग्लोबिनसाठी फेरिटिन (लोहाचा साठा) करून घ्या, सोबत क्रिएटिनिन (किडनीसाठी) आणि टीएसएच (थायरॉइडसाठी). केसांच्या गोळ्यांत बायोटिन असेल तर टीएसएचच्या आधी दोन-तीन दिवस ती बंद ठेवायची.
शिरेतून व्हिटॅमिनची खरी गरज कुणाला? आतड्याचा मोठा भाग काढलेला, सतत उलट्या होणारे, दारूमुळे बी१ संपलेले. आजारी माणसाला जास्त दिलं की जास्त फायदा, हेही खरं नाही. २०२२ च्या लोव्हिट चाचणीत सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांना शिरेतून सी दिलं, तर मृत्यू किंवा अवयव निकामी राहण्याचं प्रमाण ४४.५ टक्के निघालं, न दिलेल्यांत ३८.५.
एक विचारतो. पायांना मुंग्या, तळवे बधिर, अंधारात तोल जाणं, असं काही?

महालकर
हो सर. चार महिन्यांपासून दोन्ही तळव्यांना मुंग्या येतात. चेहरा धुताना डोळे मिटले की बेसिन धरते. आम्ही शुगरमुळे असेल म्हणून सोडून दिलं होतं.

फिजिशियन_अजनी
मग गोळीवर थांबू नका. शुगरमुळेही असेल, पण १६८ असताना बी१२ आधी भरायचं, कारण नस फार दिवस उपाशी राहिली तर नुकसान पूर्ण भरून येत नाही. स्नायूत इंजेक्शन, सहसा एक दिवसाआड दोन आठवडे, मग आठवड्याला, मग महिन्याला. किती दिवस, ते तपासून ठरतं. नुसतं फॉलिक ॲसिड सुरू करू नका. त्यानं रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं नुकसान आत चालूच राहतं.
या आठवड्यातच नागपुरातल्या मेडिकल, मेयो या सरकारी रुग्णालयांत किंवा तुमच्या फिजिशियनकडे नेऊन कंपनाची जाणीव, प्रतिक्षेप (गुडघ्यावर हातोडी ठोकून बघतात ते) आणि चाल तपासून घ्या. तोवर रात्री बाथरूमचा दिवा चालू ठेवा आणि त्यांना अनवाणी चालू देऊ नका.