‘सोपं’ आणि ‘सोयीचं’ : गुरुजींची लाल रेघ

शहापूर, बेळगाव (मूळ प्रश्न)

मंडळी, एका शब्दावर अडलोय. माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, हँडबिलं. काही मराठीत, काही कन्नडमध्ये, बरीचशी दोन्हींत. परवा एका पतसंस्थेचं पत्रक आलं. मोबाईलवरून हप्ता भरा, क्यूआर स्कॅन करा, असलं काहीतरी. कन्नड मजकूर त्यांचा तयार होता : ‘सरळ मत्तु अनुकूलकर’. शेजारच्या रकान्यात मराठी मी बसवायचं. फार विचार न करता मी टाकलं, ‘सोपे आणि सोयीचे’.

आमच्याकडे प्रूफं बघायला एक निवृत्त गुरुजी येतात. पैसे घेत नाहीत, चहा मात्र दोनदा लागतो. त्यांनी ‘सोयीचे’खाली लाल रेघ ओढली आणि समासात एकच शब्द लिहिला : ‘कुणाच्या?’ विचारलं तर म्हणाले, “सोपं हे नुसतं सोपं असतंय. सोय मात्र कुणाची तरी होते आणि कुणीतरी ती करतो. दोघांपैकी एक तरी दिसू दे, नाहीतर शब्द काढ.”

काढलाही असता. पण कन्नडात दोन विशेषणं आहेत म्हणून गिऱ्हाईकाला मराठीतही दोनच हवीत. तर साधं, सोपं, सरळ, सुलभ, सुकर, सोयीचं, सोयिस्कर ह्यांत तुम्ही नेमका फरक काय करता?

टिळकवाडी

‘सु’वाल्यांचं पटकन सांगून टाकतो. सुलभ म्हणजे मिळायला सोपं, सुकर म्हणजे करायला, सुगम म्हणजे जायला किंवा समजायला. मूळ धातू बघितले की झालं. बोलताना हे कोणी पाळत नाही. त्यातून आपल्याकडे कन्नडची सावली आहे. कन्नडात ‘सुलभ’ म्हणजे थेट सोपं, त्यामुळे “पेपर सुलभ होता ओ” हे बेळगावात सहज ऐकू येतं. पुण्यात तसं म्हटलं की लोक वळून बघतात.

‘सरळ’ला मात्र जपा. कन्नडात त्याचा अर्थ साधं, बिनगुंत्याचं. मराठीत सरळ म्हणजे आधी वाकडं नसलेलं, मग स्वभावानं सज्जन. ‘सरळ कर्ज’ असं छापलंत तर लोक वाकडं कुठलं ते विचारतील.

खानापूर

सोप्याला दुसरा अर्थ आहे तो कोणी घेतलाच नाही! आमच्या जुन्या घराला सोपा आहे. दारातून आत आलं की खांबांमधली ती ऐसपैस जागा. पाहुणा आला की “सोप्यात बसा”. भाताची पोती सोप्यात, म्हाताऱ्यांची वाकळ सोप्यात, लग्नाची बोलणी सोप्यात. आजी म्हणायची, सोपा मोठा असला की माजघरात कुणी डोकावत नाही.

व्युत्पत्तीनं दोन्ही शब्द एक आहेत असं माझं म्हणणं नाही, तसा दावा करणारही नाही. पण मोबाईलवरची अ‍ॅपं बघितली की मला आमचा सोपाच आठवतो. पुढं मोकळं, झाडलेलं, बसायला घोंगडी. मागं माजघरात बायका धुरात काय करालेत ते पाहुण्याला दिसत नाही.

पुणे (मूळचा अनगोळचा)

खानापूरकर, आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात हेच एका माणसाच्या नावानं चालतं. लॅरी टेसलर, कट-कॉपी-पेस्ट ज्याच्या नावावर आहे तो. त्याचं म्हणणं असं, की कुठल्याही कामात एक किमान गुंता असतोच, तो नाहीसा करता येत नाही. प्रश्न एवढाच, की तो वापरणाऱ्यानं सोसायचा की बनवणाऱ्यानं. गुरुजींचा ‘कुणाच्या?’ आणि हे, फार लांब नाही.

माझ्यापुरता फरक असा. साधं हा वस्तूचा गुण : भाग कमी, गुंता कमी. सोपं हे वस्तू आणि माणूस ह्यांच्यामधलं नातं. मला सोपं ते माझ्या आईला सोपं असेलच असं नाही. सोयीचं ह्यात तिसरा माणूस येतो. पाटा-वरवंटा साधा आहे, पण त्यावर वाटणं सोपं नाही. मिक्सर सोपा आहे, पण साधा मुळीच नाही. बिघडला की घरात कोणाला उघडता येतो? आणि आयतं वाटण विकत आणलं तर ती सोय.

शहापूर, बेळगाव

पाटा-वरवंटा छान. माझ्या दुकानातलं सांगतो. मी इन्स्क्रिप्टवर टाईप करतो. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. 1991 सालच्या भारतीय मानकात ही मांडणी आहे, आणि तिची खुबी अशी की सगळ्या भारतीय लिप्यांना एकच. मराठीचा क ज्या कळीवर, त्याच कळीवर कन्नडचा क. एकदा बोटं बसली की नुसती भाषा बदलायची, बोटं तीच. दोन लिप्यांत पोट भरणाऱ्याला ह्यापेक्षा साधं काय असणार? पण बसायला मला दोन महिने लागले, आणि त्या दोन महिन्यांत रोज वाटायचं की सोडून द्यावं.

हाताखालचा पोरगा इंग्रजी स्पेलिंग करून टाईप करतो. पहिल्याच दिवशी कामाला लागला. आता तीन वर्षं झाली, अजून ‘ळ’साठी थांबतो. आणि बेळगाव लिहायचं म्हटलं की ळ आलाच! त्याच्या पद्धतीत आतलं यंत्र अंदाज बांधतं, चार शब्द समोर ठेवतं, हा त्यातला एक उचलतो. कधी चुकीचा उचलतो, आणि मग ते गुरुजींच्या लाल पेनाखाली येतं.

म्हणजे त्याची सोय गुरुजी करतात. हे मला लिहिता लिहिताच सुचलं.

निपाणी

सोयिस्करवर कोणी बोललं नाही म्हणून. हा शब्द मोठा गमतीचा. देशी ‘सोय’ला संस्कृत वळणाचं ‘स्कर’ जोडलंय, श्रेयस्करसारखं दिसावं म्हणून. श्रेयस्करमध्ये तो स् मूळच्या श्रेयस्-मधला आहे. इथं उसना आणलेला. तसंच गैरसोय : अरबी ‘गैर’, मराठी ‘सोय’. एका शब्दाला दोन्हीकडचे सोयरे.

पण खरी गंमत अर्थाची. ‘सोयीचं’ अजून निर्मळ आहे, ‘सोयिस्कर’ आंबलाय. “ते सोयिस्करपणे विसरले” ह्यात शिवीच आहे. ‘सोयीचं राजकारण’ म्हटलं की ‘सोयीचं’ही त्याच वाटेनं जातं. सोय जास्त झाली की मराठी माणसाला संशय येतो, असं दिसतं.

बाजारातलं एक. तंबाखूच्या हंगामात इथं सुट्ट्या पैशांवरून रोज वाद व्हायचा. यूपीआय 2016 ला आलं, तो वाद संपला, हे मान्यच करायला पाहिजे. आमच्या भाजीवाल्या मावशींच्या तराजूला क्यूआरचं कार्ड दोरीनं बांधलंय. गिऱ्हाईक मोबाईल दाखवतो, “गेले बघा मावशी.” मावशी त्या उजेडाकडं बघून मान हलवतात. वाचता येत नाही. संध्याकाळी नातू आला की त्याच्या मोबाईलवर कळतं, गेले होते की नाही. एकदा तीनशेची मेथी-कोथिंबीर अशीच गेली. पैसे आले की बोलणारा डबा घ्या म्हटलं तर म्हणाल्या, “त्याला महिन्याला भाडं द्यायचं, आणि तो बोलणार कुठल्या भाषेत?”

खानापूर

भाषेचं निघालंच आहे तर जमिनीच्या उताऱ्याचं सांगतो. पूर्वी तलाठ्याच्या मागं चार हेलपाटे, मग हातानं लिहिलेला उतारा. कर्नाटकात ‘भूमी’ योजना आली, नोंदी संगणकावर गेल्या. सुरुवातीला 15 रुपयांत छापील उतारा मिळायचा. हेलपाटे कमी झाले, खाडाखोड थांबली. मी त्याला वाईट म्हणणार नाही.

पण तो कन्नडमध्ये. वडिलांना वाचता येत नाही. ट्रंकेत आजोबांच्या वेळचे कागद आहेत, मराठीतले, काही मोडीतले. मोडी मला येत नाही, कन्नड वडिलांना येत नाही. उतारा हातात घेऊन ते माझ्या मुलीची शाळा सुटायची वाट बघत सोप्यात बसतात. ती तिसरी भाषा म्हणून कन्नड शिकते. नाव बरोबर आहे का, क्षेत्र किती, ती बोट ठेवून वाचते. उतारा मिळणं सुलभ झालं (टिळकवाडीकर, मिळायला सोपं ह्याच अर्थानं), वाचणं नाही.

चिकोडी

मी घरी कन्नड बोलणारा, मराठी वाचणारा. तुमच्या गुरुजींना सांगा, कन्नडात ‘अनुकूल’ हा सोयीचा शब्द, आणि बऱ्या परिस्थितीतल्या माणसाला ‘अनुकूलस्थ’ म्हणतात. मराठीत सुखवस्तू म्हणाल तसा. म्हणजे ज्याची सोय आहे तो श्रीमंत. आमच्या भाषेनं ‘कुणाच्या?’चं उत्तर देऊन ठेवलंय!

पुणे (मूळचा अनगोळचा)

हे फारच भारी. ऑफिसात सांगणार.

शहापूर, बेळगाव

सगळ्यांचे आभार. पत्रकाचं काय झालं ते सांगतो. गुरुजींनी सुचवलं : ‘हप्ता भरायला शाखेत यायला नको’. विशेषण नाही, भानगड नाही. मला पटलं. गिऱ्हाईकाला नाही, म्हणाले, रकाना भरल्यासारखा वाटत नाही. शेवटी ‘साधे व सुलभ’ छापलं. ‘अनुकूलकर’च्या रुंदीत बरोबर बसलं.

गुरुजींनी छापील प्रत हातात घेतली, चष्मा वर केला आणि विचारलं, “हे कुणाच्या सोयीनं?” मी दुसरा चहा सांगितला.

निपाणी

एक राहिलंच. ‘सोयिस्कर’ की ‘सोईस्कर’? माझ्याकडं दोन वर्तमानपत्रं येतात आणि दोन्हींत वेगवेगळं छापतात.