स्वस्तातलं अंतराळ : तुमचे किस्से येऊ द्या

परवा भाच्यासोबत १९५३ चा 'रोबॉट मॉन्स्टर' बघितला. परग्रहावरचा राक्षस म्हणजे गोरिलाचा ड्रेस आणि डोक्यावर पाणबुड्याचं हेल्मेट, बस्स! रोबोटचा ड्रेस करायला पैसे नव्हते आणि एका नटाकडे गोरिलाचा ड्रेस घरचाच होता, मग घेतला त्यालाच. भाचा हसून हसून लोळला पण शेवटपर्यंत उठला नाही, एरवी महागड्या सिनेमात दहाव्या मिनिटाला मोबाईल काढतो. तर असले सिनेमे बघितलेले, बनवलेले, काहीही सांगा.

---

आमच्याकडे गणपतीत रस्त्यावर पडदा लागायचा, पुढे जागा नसायची म्हणून आम्ही पोरं पडद्यामागे, सगळी अक्षरं उलटी. एकदा यान उडालं तर वरची दोरी चक्क दिसली. मला वाटलं मागनं बघतोय म्हणून दिसतीये, पुढच्यांना दिसत नसणार. कॉलेजपर्यंत हाच समज होता माझा, हसू नका.

---

'डार्क स्टार' (१९७४) कुणीच कसा नाही काढला? जॉन कार्पेंटरचा, कॉलेजात स्टुडंट फिल्म म्हणून सुरू झालेला. त्यातला एलियन म्हणजे बीचवरचा हवा भरलेला बॉल, खाली पंजे लावलेत. लिफ्टच्या खड्ड्यात लटकलेल्या माणसाला तो गुदगुल्या करतो हो! आणि तो लटकलेला डॅन ओबॅनन, त्यानेच पुढे १९७९ च्या 'एलियन'ची पटकथा लिहिली. बॉलला कोणी घाबरेना, मग घाबरवूनच दाखवलं पठ्ठ्याने.

---

इंजिनिअरिंगच्या गॅदरिंगला आम्ही सायफाय केलेला. लग्नाचं शूटिंग करणाऱ्याकडून कॅमेरा एका दिवसाच्या भाड्यावर, रात्रभर जागून थर्माकोलचं रॉकेट कापलं, सकाळी कुणीतरी हौसेने त्यावर चंदेरी स्प्रे मारला आणि रॉकेट डोळ्यांदेखत विरघळायला लागलं. चर्र चर्र, खड्डे पडत गेले. डायरेक्टर ओरडला, थांबू नका, शूट करा, उल्का आदळल्यात म्हणू. सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.

---

मालेगावातल्या लोकांनी स्वतःच बनवलेल्या 'सुपरमॅन' सिनेमावरची २००८ ची डॉक्युमेंटरी बघा. हिरो यंत्रमागावर काम करणारा हडकुळा माणूस, क्रेन म्हणजे बैलगाडी, ट्रॉली म्हणजे सायकल. हसता हसता घसा दाटतो. मी नाशिकचा असून मला हे पुण्यात आल्यावर कळलं, लाज वाटली.

---

थोडा वेगळा सूर. स्वस्त म्हणजे दरवेळी गंमतच असं नाही. 'प्रायमर' (२००४) सात हजार डॉलरमध्ये झाला, टाइम मशीन म्हणजे खोकं, त्यात शिरून पडून राहायचं, आणि हसू येत नाही, डोकं धरून बसतो माणूस. मी तीनदा बघितला, कोण कुठल्या दिवशीचा आहे हे अजून कळलेलं नाही.

---

थर्माकोलवाले, ती कॅसेट आहे का अजून? टाका की इथे.

---

कसली टाकतोय, तिच्यावर दादाचं लग्न रेकॉर्ड झालं. पण सुरुवातीला दोनेक सेकंद रॉकेट दिसतं, खड्ड्यांसकट, आणि मग डायरेक्ट अंतरपाट. वहिनी दर वेळी विचारते, हे काये?