मोडेम बंद, मग बोर्ड खुला असून काय फायदा?

खडकवासला_रेडिओ:
ऑस्मोकॉमवाल्यांचा (मोबाइल नेटवर्कचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर बनवणारा गट) एक छोटा बोर्ड आहे. लॅपटॉपमध्ये बसतो तो मिनी पीसीआय एक्सप्रेसवाला मोडेम त्यात खोचायचा, सिम टाकायचं, यूएसबीची वायर कॉम्प्युटरला लावायची, झालं. डिझाइन सगळ्यांना खुलं. पण ओपन हार्डवेअर म्हणून त्याला एवढं डोक्यावर घ्यायचं कारण मला पटत नाही. यूएसबीच्या दोन लाइन त्या स्लॉटच्या 36 आणि 38 नंबरच्या पिनवर आधीपासूनच असतात, बोर्ड त्या फक्त बाहेर काढतो. नेटवर्कशी बोलतो तो बेसबँड, म्हणजे मोडेममधला रेडिओ सांभाळणारा प्रोसेसर, आणि त्याचं फर्मवेअर कंपनीच्या कुलपात. तेच काम करणारा अ‍ॅडाप्टर बाजारात स्वस्तात मिळतो की.

तांब्याची_तार:
स्वस्तातलाच घेतला होता म्हणून सांगते. पुण्यात घरी मस्त चालायचा आणि ताम्हिणीपलीकडे गावी नेला की दर दोन मिनिटांनी मोडेम गायब, लॉगमध्ये नुसतं यूएसबी डिसकनेक्ट, मग मी आठवडाभर ड्रायव्हर बदलत बसले, सिम बदललं, वायर बदलली, काही नाही. शेवटी मैत्रिणीकडचा ऑसिलोस्कोप लावला तर मोडेमला वीज देणारी 3.3 व्होल्टची लाइन धाडकन खाली येत होती! गावात 4G मिळेना म्हणून मोडेम 2G वर उतरायचा. 2G मध्ये दर 4.615 मिलिसेकंदांनी 577 मायक्रोसेकंदांचा झटका असतो, तेवढ्यात करंट 2 अँपिअरपर्यंत जाऊ शकतो, आणि यूएसबी 2.0 चा पोर्ट देणार 500 मिलिअँपिअर. मधली तूट कपॅसिटरने भरून काढायची असते, तो त्या बोर्डावर नावापुरता. सर्किट समोर असतं तर एका संध्याकाळी सापडलं असतं.

खडकवासला_रेडिओ:
तुझा त्रास खरा आहे ताई, पण तो खराब डिझाइनचा, बंद डिझाइनचा नाही. किती कपॅसिटर लावायचा ते मोडेमच्या हार्डवेअर गाइडमध्ये असतं, बंद बोर्डवालाही ते नीट पाळू शकतो. शिवाय जिओचं सिम असेल तर 2G वर उतरायचा प्रश्नच येत नाही, त्यांचं 2G नेटवर्कच नाही.

बाराखडी_बाइट:
पाळू शकतो, पण पाळलंय का हे विकत घ्यायच्या आधी बघणार कसं? आणि कुलपाचंच म्हणाल तर ते उघडायला असलाच बोर्ड लागतो. 2016 मध्ये हॅम्बुर्गला 33सी3 या हॅकर परिषदेत ऑस्मोकॉमच्याच हाराल्ड वेल्टे आणि होल्गर फ्राइथर यांनी दाखवलं की क्वेक्टेलच्या ईसी20 मोडेमच्या आत चक्क लिनक्स चालतंय. असलं खोदकाम करायचं तर मोडेम टेबलावर हवा, पिना हाताशी हव्यात. 45, 47, 49, 51 या पिना स्टँडर्डमध्ये राखीव आहेत, बरेच मोडेमवाले तिथे कॉलचा आवाज पीसीएम, म्हणजे डिजिटल आकड्यांच्या रूपात देतात. मी पाहिलेल्या स्वस्त अ‍ॅडाप्टरवर त्या कुठेच जोडलेल्या नव्हत्या.

खडकवासला_रेडिओ:
पीसीएमचं लक्षात नव्हतं, तो मुद्दा चांगला आहे. तरी नवीन पोरं 'ओपन' वाचून समजतात की आता फोनचं नेटवर्क आपल्या ताब्यात आलं. बोर्ड खुला, मोडेम नाही, हे पहिल्याच ओळीत लिहायला हवं.

तांब्याची_तार:
लिहावंच, माझी हरकत नाही. मी त्यांच्या डिझाइनमध्ये 3.3 च्या लाइनवर मोठा कपॅसिटर टाकून पाच बोर्ड बनवायला देतेय, एक गावी कायमचा लावणार. ज्यांचं सिम 2G ला उतरतं त्यांच्यापैकी कुणाला टेस्टिंगला हवा असेल तर सांगा.