मदत हवी आहे: अमेरिकन गिऱ्हाइकाच्या व्हॉइसमेलवर नेमकं बोलायचं काय?

नमस्कार मंडळी. मी पुण्यात एका छोट्या स्टील डिटेलिंग कंपनीत आहे, म्हणजे इमारतीच्या स्टीलच्या भागांची कारखान्यासाठी बारकाईची ड्रॉइंग (शॉप ड्रॉइंग) आम्ही काढतो. ३ वर्षं टेक्ला या सॉफ्टवेअरवर ड्रॉइंग काढली, आणि जूनपासून साहेबांनी सेल्सला बसवलंय. कारण काय, तर "तुझं इंग्रजी बरं आहे". ओहायो, पेनसिल्व्हेनियातल्या फॅब्रिकेशन शॉपना (स्टील कापून-जोडून देणाऱ्या कारखान्यांना) फोन करायचे आणि शॉप ड्रॉइंगचं काम मिळतंय का बघायचं. ओळख ना पाळख, यादीतला नंबर घ्यायचा आणि लावायचा.

संध्याकाळी ७:३० ला सुरुवात करते, तिकडे सकाळचे १० असतात. ५० फोन केले तर ४० तरी व्हॉइसमेलवर जातात. आपल्याकडे मिस्ड कॉल दिसला की माणूस उलटा फोन करतो, भले "कोण पाहिजे?" म्हणून खेकसू दे. व्हॉइसमेल ठेवायची वेळ माझ्यावर आजवर कधी आलीच नव्हती. बीप वाजली की घसा कोरडा पडतो.

सध्या बोलते ते असं: "गुड मॉर्निंग सर, धिस इज (नाव) कॉलिंग फ्रॉम (कंपनी), वी आर अ लीडिंग प्रोव्हायडर ऑफ स्ट्रक्चरल स्टील डिटेलिंग सर्व्हिसेस..." पुढे अनुभव, सॉफ्टवेअर, दर परवडणारे, आणि शेवटी नंबर. सगळं मिळून ५० सेकंद होतात.

३ आठवड्यांत उलटा फोन एकच आला, तोही "यादीतून माझं नाव काढा" सांगायला. चुकतंय कुठे? आणखी एक, साहेब म्हणतात की एकदाच छान रेकॉर्ड करून सगळ्यांच्या मेलबॉक्सात टाकून देऊ. करावं का?

रातकिडा:
१० वर्षं हेच करतोय, तेव्हा आधी एक सांगतो. उलटा फोन येईल ही आशा सोडा, म्हणजे निम्मी भीती जाईल. व्हॉइसमेलचं काम एवढंच, की पाठोपाठ जाणारा ईमेल गिऱ्हाइकाने उडवू नये आणि पुढच्या खेपेला तुमचं नाव त्याला अगदीच परकं वाटू नये. म्हणून फोन ठेवल्या ठेवल्या ईमेल पाठवा, आणि त्याचा विषय काय आहे ते निरोपात सांगा. २० सेकंदांच्या वर जाऊ नका.

नंबर दिलाच तर ३-३-४ असा तोडून, सावकाश, दोनदा. आणि "डबल फाइव्ह", "ट्रिपल टू" अजिबात नको. तिकडे तसं बोलत नाहीत, लिहून घेणारा अडखळतो. ही चूक मी वर्षभर केली, कोणी सांगितलंच नाही.

एरीकाठचा:
मी क्लीव्हलँडजवळ एका फॅब्रिकेशन शॉपमध्ये प्रोजेक्ट मॅनेजर आहे. म्हणजे असे निरोप ज्याच्या डोक्यावर पडतात, तो मीच.

ताई, व्हॉइसमेल मी ऐकत नाही, वाचतो. आयफोनवर २०२३ पासून लाइव्ह व्हॉइसमेल आहे, समोरचा बोलत असतानाच त्याचे शब्द पडद्यावर उमटतात. "गुड मॉर्निंग सर, लीडिंग प्रोव्हायडर" दिसलं की मी फोन पालथा घालतो. मराठी आडनावांचं तर ते यंत्र असं काही करतं की विचारू नका. तुमचं पहिलं नाव पुरे, कंपनीचं लांबलचक नाव ईमेलमध्ये जाऊ द्या.

पहिल्या वाक्यात माझं काम दिसलं पाहिजे. "जिने आणि रेलिंगची ड्रॉइंग करतो" म्हणालात तर मी थांबेन, कारण ते किचकट काम आमच्याकडे कायम मागे पडतं. "सगळं करतो" म्हणणारे रोज येतात. डिटेलर आमच्याकडे आहेच, तो कामात बुडालेला असतो तेव्हा दुसरा लागतो. तेवढीच जागा मागा. मी तुमच्या जागी असतो तर असं बोललो असतो:

"हाय (त्याचं नाव), (तुमचं नाव) फ्रॉम पुणे, इंडिया. वी ड्रॉ स्टेअर्स अँड रेल्स व्हेन युअर डिटेलर इज बॅक्ड अप. आय अ‍ॅम ईमेलिंग यू वन सॅम्पल शीट. सब्जेक्ट इज स्टेअर शीट. नो नीड टू कॉल बॅक."

इंडिया लपवू नका. उच्चारावरून कळतंच, आणि लपवलं की संशय येतो.

आणि १० ला कशाला फोन करता? तेव्हा मालक शॉप फ्लोअरवर असतो, ग्राइंडरच्या आवाजात त्याला फोन ऐकू येत नाही. छोट्या शॉपचा मालक ६:३०-७ लाच कॉफी घेऊन ऑफिसात येतो. तुमचे दुपारचे ४ ते ४:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमची घड्याळं मागे गेली की त्यात एक तास मिळवा. रात्रपाळीची गरजच नाही.

फुकटचा_सल्ला:
पहिल्या दोन फोनांना काही ठेवूच नका. तिसऱ्याला ठेवा. रोज निरोप ठेवणारा वसुलीवाला वाटतो.

कलमबहाद्दर:
रेकॉर्डिंगच्या भानगडीत पडू नका. तिकडे १९९१ चा टेलिफोन कन्झ्युमर प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आहे. घंटी न वाजवता थेट मेलबॉक्सात टाकलेला निरोपही त्याखाली कॉलच धरायचा, असं एफसीसीने (तिथल्या दूरसंचार नियामकाने) नोव्हेंबर २०२२ मध्ये ठरवलं. म्हणजे मोबाइलवर असा निरोप टाकायला आधी संमती हवी. संगणकाने बनवलेला आवाजही २०२४ पासून त्यातच येतो. दावा झाला तर कॉलमागे ५०० डॉलर, जाणूनबुजून केलं असेल तर १५०० पर्यंत. छोटे मालक धंद्यासाठीही स्वतःचा मोबाइलच वापरतात, त्यामुळे "आम्ही कंपनीला फोन केला" ही पळवाट चालेलच असं नाही. साहेबांना हा प्रतिसाद दाखवा.

धागाकर्ती:
सगळ्यांचे आभार. साहेबांना दाखवला, रेकॉर्डिंगचा विषय बंद झाला.

काल जिन्याचा निरोप पाठ करून दुपारी ४:१५ ला बसले. १५ फोनांत ९ व्हॉइसमेल, एकदाही अडखळले नाही. दहाव्या फोनला बीपची वाट बघत होते, तर थेट माणूसच बोलला, "येस?" मी घाबरून त्यालाही "नो नीड टू कॉल बॅक" सांगितलं आणि फोन ठेवला.

आता माणसाने उचलला तर काय बोलायचं, ते इथेच विचारू की नवा धागा काढू?