मदत हवी आहे: नवा संघ आला की चाहते खरंच वाढतात का?

मंडळी, नमस्कार. मी ब्रिस्बेनमध्ये राहते. लेकाला शाळेच्या प्रकल्पासाठी हा विषय मिळालाय आणि आता तो माझ्याही डोक्यातून जात नाही.

2023 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रग्बी लीगच्या एनआरएल या मुख्य स्पर्धेत डॉल्फिन्स हा सतरावा संघ आला. पहिल्याच सामन्यात त्यांनी सिडनी रूस्टर्सना 28-18 असं हरवलं. काय आनंद झाला होता आम्हाला! पण इथे 1988 पासून ब्रॉन्कोज हा संघ आहेच, आणि डॉल्फिन्सही मुळात ब्रिस्बेनजवळच्या रेडक्लिफचा 1947 पासूनचा क्लब. मग त्यांची लाल जर्सी घालणारे नवे चाहते किती आणि आधीपासून लीग बघणारेच किती? हे ओळखायचं कसं? मैदानावरची गर्दी मोजून नाही कळणार, असं मला वाटतं. लहान मुलांची क्लबातली नोंदणी बघावी का?

मेलबर्नकरांनो, तुमच्याकडे फुटीचं, म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉलचं वेड, तरी 1998 पासून रग्बी लीगचा स्टॉर्म संघ टिकलाय. तुमच्या ओळखीत स्टॉर्ममुळे पहिल्यांदाच लीग बघू लागलेलं कुणी आहे का? पर्थचा वेस्टर्न रेड्स मात्र 1995 ते 1997 एवढाच खेळला. तिथल्या जुन्या मंडळींनी त्या दिवसांबद्दल जरूर लिहा. प्रकल्प पुढच्या शुक्रवारी द्यायचाय.